मुलाला आईबापाला हाक मारू द्या

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता, रिकाम्या जागा, क्वार्टर्सची दुरुस्ती यांवर बोलून झाले. आता एक असा विषय मांडतो, जो आपल्या मागणीपत्रकात नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका ट्रॅकमन साथीचा सातवीतला मुलगा शाळेतून घरी आला नाही. रात्री नऊच्या सुमारास प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर तो आमच्या पॉइंट्समनला दिसला. दप्तर मांडीवर घेऊन येईल त्या गाडीत चढायच्या विचारात बसला होता. जवळ घेऊन विचारले तेव्हा सारे बाहेर आले. वर्गात कोणाचे तरी पैसे हरवले, संशय याच्यावर आला. अकरा वाजल्यापासून शाळा सुटेपर्यंत त्याला ऑफिसबाहेर उभे केले. "आईला फोन करू द्या," असे तो तीनदा म्हणाला. "आधी कबूल कर, मग फोन," असे उत्तर मिळाले. शेवटी त्याने कबुली लिहून सही करून दिली. मग घरी कोणत्या तोंडाने जायचे, म्हणून स्टेशन गाठले.

पैसे कोणी घेतले ते आजवर कळलेले नाही. त्याने घेतले असते, तरी आमचे म्हणणे हेच राहिले असते.

आम्ही शाळेत गेलो. "वडिलांचा फोन लागत नव्हता," असे सांगण्यात आले. ते खरे होते. वडील गँगबरोबर लाईनवर होते. आईचा नंबर रजिस्टरात नव्हता. पण मुलाला तो तोंडपाठ होता! त्याला कोणी विचारलेच नाही.

साथींनो, आपल्याशी साहेब असे वागला तर आपण काय करू? रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत. एस.एफ. ११ असो वा एस.एफ. ५, आरोप लेखी द्यावा लागतो, उत्तराला १० दिवस मिळतात. मोठ्या शिक्षेची चौकशी लागली तर शेजारी डिफेन्स हेल्पर बसतो. टपाल खात्यातील साथींना रूल १४ आणि रूल १६ ठाऊक आहेत. अटक झालेल्या माणसाचेही तसेच. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितले की, अटकेची खबर त्याच्या नातेवाइकाला वा मित्राला दिलीच पाहिजे. मग बारा वर्षांच्या पोराने एकट्याने उभे राहायचे, हा कुठला न्याय?

कायदा मुलाच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. कलम १६ प्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. प्रकरण पोलिसांत गेले आणि मुलाला ताब्यात घेतले, तर बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे पालकांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली मान्य केला. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे त्यात आहे. मात्र "चौकशीआधी मुलाला घरी फोन करू द्यावा" असे सरळ वाक्य शिक्षण हक्क कायद्यात नाही. ती फट आपल्यालाच बुजवायची आहे.

कशी? सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कलम २१ सांगते. आपण ड्युटीचे कारण सांगून त्या बैठकीला जात नाही. यापुढे जायचे, आणि ठराव मांडायचा: गंभीर आरोप असेल तर आधी घरी फोन, पालक येईपर्यंत लेखी कबुली नाही, मुलाची बाजू लिहून घ्यायची. खासगी शाळा असेल तर पालकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरे काम आपले. लोको पायलटचा मोबाईल गाडीवर बंदच असतो, हे शाळेला कसे कळणार? म्हणून आईचा, शेजाऱ्याचा, लॉबीचा किंवा पोस्ट ऑफिसचा नंबर रजिस्टरात लिहून द्या. मुलांना १०९८ हा नंबर पाठ करून द्या.

एक गैरसमज नको. आम्ही शिक्षकांच्या विरुद्ध नाही. साठ पोरांचा वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षकही कामगारच आहे. त्याच्यावर आरोप आला तर त्यालाही नोटीस आणि बाजू मांडायची संधी हवी, असेच आम्ही म्हणू. जे त्याला हवे, तेच पोराला द्या, एवढेच मागणे आहे.

तो मुलगा पुन्हा शाळेत जातो आहे. कबुलीचा कागद शाळेने आमच्यासमोर रद्द केला. पण त्या रात्री आमच्या पॉइंट्समनचे लक्ष गेले नसते तर? प्रत्येक बाकाजवळ आपला माणूस असेलच असे नाही. शाळेतला फोन मात्र असतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!