खेळ रचण्याची विद्या



बी.ए. करून काय होणार, असे लाखांदुरात सर्रास विचारतात. आम्ही बी.ए. होऊन बँकेत लागलो. पण वाट तेवढी एकच नाही.

व्हिडिओ गेम एकटा अभियंता घडवीत नाही. त्यात नियम, कथा, चित्र, संगीत जुळवावे लागते. खेळणारा कुठे अडतो, का कंटाळतो, हे तपासावे लागते. हेच त्यातील संशोधन होय. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबई आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचा विभाग आहे. तेथील एम.डेस.साठीची 'सीड' परीक्षा कोणत्याही शाखेच्या तीन वर्षांच्या पदवीवर देता येते. वयाची अट नाही, मात्र चित्र काढावे लागते.

झाडीपट्टीची नाटके, दंडार पाहत वाढलेल्या मुलांजवळ कथांची उणीव नाही. म्हणून पालकांनो, मुलाच्या हातचा मोबाईल हिसकण्याआधी एवढेच विचारा: हा खेळ तू कसा रचला असतास?