'ग्रॅव्हिटी' पाहताना



विज्ञानपट पाहून परतताना अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. आठवी-नववीतले मूल विचारते, "असे खरेच घडू शकते का?" मोठ्यांपैकी कोणीतरी उत्तर देते, "अरे, सिनेमा आहे. त्याचा एवढा विचार करायचा नसतो." उत्तर प्रेमळ असते, परंतु एका प्रकारच्या चित्रपटांना ते लागू पडत नाही. परग्रहवासी, प्रकाशाहून वेगवान याने, जादूची शस्त्रे यांपैकी कशाचाही आधार न घेता 'हे असेच घडेल' असा विश्वास जो चित्रपट देतो, त्याचा हिशेब तपासण्याचा अधिकार प्रेक्षकाला आपोआप मिळतो. आल्फोन्सो कुआरोन यांचा २०१३ सालचा 'ग्रॅव्हिटी' हा अशा चित्रपटांपैकी एक. दिग्दर्शनासह सात ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. मराठी वाचकाला ही शिस्त तशी अपरिचित नाही. काशीत वाढलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तेव्हापासून विज्ञानाचे नियम पाळून रचलेली कथा आपल्या भाषेत चांगलीच रुळली आहे.

'ग्रॅव्हिटी'ची गोष्ट चार ओळींची आहे. हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी काही अंतराळवीर यानाबाहेर काम करीत असतात. रशियाने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडलेला असतो. त्याच्या ठिकऱ्या इतर उपग्रहांवर आदळतात, त्यांच्या आणखी ठिकऱ्या होतात आणि हा लोंढा दुरुस्तीच्या पथकावर येऊन कोसळतो. रायन स्टोन ही अभियंती, म्हणजे अभिनेत्री सँड्रा बुलक, अखेर एकटी उरते आणि एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जात पृथ्वीवर परतण्याची धडपड करते.

या चित्रपटाविषयी एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात जे सर्वांत अविश्वसनीय वाटते, ते बहुतांशी खरे आहे. आणि जे कोणाच्या लक्षातही येत नाही, ते खोटे आहे.

प्रथम शांतता. पडद्यावर प्रचंड स्थानकाचे तुकडे तुकडे होतात आणि आवाज काहीच येत नाही. ध्वनीला माध्यम लागते, हे वाक्य प्रत्येक मुलाच्या वहीत लिहिलेले असते, त्यावर गुणही मिळालेले असतात. पण वर्षानुवर्षे अवकाशयुद्धांचे गडगडाट ऐकलेल्या कानांना तीच गोष्ट पडद्यावर खोटी वाटते. येथे ऐकू येते ते अंतराळपोशाखातून शरीरापर्यंत पोहोचलेले कंपन, श्वास आणि रेडिओवरील बोलणे. पार्श्वसंगीताने मात्र ही पोकळी जरा जास्तच भरून काढली आहे. या बाबतीत स्टॅनली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' अधिक कठोर होता. मनुष्य चंद्रावर उतरण्यापूर्वी, १९६८ साली, त्याने प्रेक्षकाला बराच वेळ केवळ श्वासाचा आवाज ऐकवला होता.

आता खोटे काय, ते पाहू. हबलपासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत ही मंडळी पाठीवरच्या छोट्या यंत्राने तरंगत जातात, जणू शेजारच्या गल्लीत निघाली आहेत. उंचीतला फरक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण खरी अडचण उंचीची नाही, कक्षेच्या कलाची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांचा कोन करते, कारण ती ज्या केप कॅनव्हरलहून सोडली, त्याचा अक्षांशच तेवढा आहे. स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांची, बैकोनूरहून निघणाऱ्या रशियन यानांनाही तेथे पोहोचता यावे, म्हणून ती तशी ठेवली आहे. ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने धावताना निव्वळ एवढी दिशा वळवायची, तर वेगात सेकंदाला सुमारे ३ किलोमीटरचा बदल करावा लागतो. १९८४ साली अंतराळवीरांनी प्रत्यक्ष वापरलेल्या तशाच यंत्राची ताकद सेकंदाला सुमारे २५ मीटर एवढीच होती. भूगोलातला अक्षांश आणि भौतिकशास्त्रातला वेग यांची गाठ इतक्या सुंदर रीतीने क्वचितच पडते. चित्रपटाच्या चुकीने ती घालून दिली, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

दोरीचा प्रसंगही असाच. जॉर्ज क्लूनीने रंगवलेला ज्येष्ठ अंतराळवीर सहकारिणीला वाचवण्यासाठी स्वतःला सोडवून घेतो आणि दूर जातो. प्रसंग डोळे ओले करणारा आहे. परंतु दोघांचा वेग स्थानकाशी जुळला असेल, तर त्याला दूर ओढणारे तेथे काहीच उरत नाही. दोरीला हलका हिसका दिला, तरी तो परत आला असता. आणि डोळे ओले होण्यावरून आणखी एक. नायिकेचा अश्रू गालावरून सुटून तरंगत जातो. क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने त्याच वर्षी स्थानकातून दाखवून दिले होते, की तेथे अश्रू सुटत नाही. पाण्याचा गोळा होऊन तो डोळ्यालाच चिकटून राहतो. या दोन्ही ठिकाणी दिग्दर्शकाने नियमापेक्षा माणसाच्या दुःखाला झुकते माप दिले आहे. ते क्षम्य आहे, मात्र प्रेक्षकाला ते कळलेले असावे.

चित्रपटाचे नावच एक परीक्षा घेते. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणसे तरंगतात, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. वस्तुतः ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे एकत्रच, अखंड पडत असतात. पुढे जाण्याच्या वेगामुळे जमीन तेवढी गाठली जात नाही.

आणि ठिकऱ्यांचा तो लोंढा? तो अतिरंजित आहे, काही तासांत एवढा विध्वंस होणार नाही. पण त्यामागची कल्पना डोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ सालीच शास्त्रीय निबंधात मांडली होती. चित्रपट येऊन गेल्यावर आठ वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२१ रोजी, रशियाने खरोखरच क्षेपणास्त्राने आपला जुना उपग्रह फोडला. मागोवा घेता येण्याजोगे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले आणि स्थानकावरील सातही जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. दोष एकट्या रशियाचा नाही. चीनने २००७ साली हेच केले होते आणि अमेरिकेनेही अशा चाचण्या केल्या आहेत. २७ मार्च २०१९ रोजी भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर आपला उपग्रह पाडला. उंची कमी, म्हणून तुकडे लवकर खाली येतील, असा त्यामागे हिशेब होता. बहुतेक आले; काही मात्र सांगितल्यापेक्षा बराच अधिक काळ फिरत राहिले. अभिमानाच्या बातमीसोबत ही ओळही मुलांना वाचून दाखवायला हवी.

भारतात या चित्रपटाचे नाव गाजले ते वेगळ्याच कारणाने. त्यानंतर महिन्याभरात, ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, मंगळयान झेपावले. सुमारे ४५० कोटी रुपयांची ती मोहीम या चित्रपटाहूनही स्वस्त पडली, असे पुढे पंतप्रधानांनीही सांगितले. टाळ्यांसाठी तुलना चांगली आहे. पण चित्रपटाने हबल ते स्थानक हा प्रवास पाच मिनिटांत उरकला, तर मंगळयानाला इंधनाचा थेंबन् थेंब मोजावा लागला. ही सवलत कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे पाहणे अधिक बोधक ठरेल.

चित्रपटात शरीफ नावाचा एक भारतीय अंतराळवीरही आहे. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' मधले गाणे गुणगुणत तो मजेत तरंगतो आणि पहिल्याच तडाख्यात जातो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाऊल ठेवणारा पहिला भारतीय जून २०२५ मध्ये तेथे पोहोचला. शुभांशु शुक्ला तेथे अठरा दिवस राहून परतले. चित्रपटाच्या शेवटी किनाऱ्यावरच्या चिखलात नायिका उभी राहू पाहते, तिचे पाय लटपटतात, ती खाली पडते आणि पुन्हा उठते. ते दृश्य अनेकांना नाटकी वाटले होते. शुक्ला परतले, तेव्हा दोन्ही बाजूंनी आधार देऊन त्यांना चालवत असल्याचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.