रस्त्यावरच्या दुकानाचा कागद



सीमाभागाच्या मेळाव्यात हातगाडी आणि भाजीची पाटी हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला जागा सोडण्याची नोटीस येते ती कन्नडमध्ये, आणि ती वाचून घ्यायला ती बँकेत आमच्यासारख्या कारकुनांपुढे उभी राहते. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

हुलसूर, भालकी, बसवकल्याण भागातली आपली जुनी घराणी पेठेत दुकाने राखून आहेत. त्यांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, की आम्ही कर भरतो आणि हे लोक दारात फुकट बसतात. गिऱ्हाईकाला दुकानात शिरायला वाट राहत नाही, हे खरे आहे. फुकट मात्र ते बसत नाहीत. तहबाजारीची पावती त्यांच्या नावे फाडली जातेच. हा शब्द निजामी अमलापासून आपल्या तोंडी आहे, दिल्लीतही तोच चालतो. तिथल्याच सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की रस्त्याकडेला माल विकणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालचा व्यवसायाचा हक्क आहे आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात. अमुकच जागा माझी, असे म्हणण्याचा हक्क मात्र कुणालाही नाही. आपल्याकडे जो तो या निकालाचा आपल्या सोयीचा अर्धा भाग वाचतो.

पुढे २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. तो लागू झाला १ मे रोजी, योगायोगाने महाराष्ट्र दिनीच. पालिकेने दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी करायची, प्रमाणपत्रे द्यायची, आणि पहिली पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला उठवायचे नाही. नंतर उठवायचे झाले तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची, नाशवंत माल सोडवायला आला की त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. टोमॅटोच्या पाट्या गाडीत टाकणाऱ्यांनाही ही ओळ क्वचितच ठाऊक असते.

या कायद्याखालच्या समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतल्या एकतृतीयांश बायकांच्या. बाकीच्यांत व्यापारी संघटनांना आणि बँकांनाही स्थान आहे. दारापुढची वाट मोकळी हवी असेल तर दुकानदारांनी पुढाऱ्याच्या ओट्यावर जाण्यापेक्षा या समितीत बसून विक्रीच्या जागा ठरवून घ्याव्यात.

आता आमच्या टेबलाकडचे सांगतो. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज १० हजार, ते फेडले की २० हजार, मग ५० हजार. २०२५ मध्ये पहिला हप्ता १५ हजारांवर आणि दुसरा २५ हजारांवर नेला, आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट. तारण लागत नाही, कागद लागतो. प्रमाणपत्र, ओळखपत्र, नाहीतर पालिकेचे शिफारसपत्र. ज्याच्याकडे तो नसतो तो सकाळी ९०० रुपये घेऊन संध्याकाळी १००० परत करणाऱ्या सावकाराकडे जातो. दिवसाला शंभराचे हे व्याज कुठल्याही बँकेच्या तक्त्यात बसणार नाही.

अडचण कागदाच्या भाषेची आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तरही मराठीतच मिळेल असे ते कलम म्हणत नाही, पण मराठी आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही. शिवाय ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्क्यांवर आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत ठरलेले आहे. पाहणीची सूचना याहून महत्त्वाची कोणती?

सीमेपलीकडे निलंग्याला किंवा उदगीरला गाडी लावणाऱ्याची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या योजनेत अधिवास प्रमाणपत्राची अट आहे. म्हणजे इकडे भाषा आडवी येते, तिकडे पत्ता. दाव्यातल्या ८६५ गावांच्या रहिवाशांना महाराष्ट्राने नोकरी-शिक्षणात सवलती दिल्या आहेत. पथविक्रीतही तसाच दाखला चालावा, अशी मागणी आपण लेखी करायला हवी. भाषणात ती बऱ्याचदा होते, कागदावर येत नाही.

२०१४ चा कायदा शहरांपुरता आहे. ग्रामपंचायतीच्या गावातला बाजार कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याने चालतो. पण कायदा माणूस राहतो कुठे हे पाहत नाही, बसतो कुठे हे पाहतो. खेड्यातून बसवकल्याणला पाटी नेणाऱ्याचे नाव तिथल्या नगरसभेच्या पाहणीत यायला हवे. गावाची पट्टण पंचायत झाली की तिथेही हा कायदा लागतो, आणि पाहणी सुरू झाल्यावर जुन्या पावत्या शोधत बसायला वेळ नसतो.

पुढच्या महिन्यापासून बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आमच्यापैकी दोघे मंडळाच्या कार्यालयात बसतील. येणाऱ्याने तहबाजारीच्या पावत्या, आधार कार्ड आणि बसण्याच्या जागेचा फोटो आणावा. अर्ज आम्ही मराठीत लिहून देऊ, पोच घेऊन ठेवू. ज्यांच्या दुकानापुढे कुणी बसते त्या घरांनी एवढा निरोप त्याच्या कानावर घालावा.