जुना कोड सांभाळताना

सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवा प्रोग्रॅम लिहिण्याइतकंच जुना सांभाळणंही महत्त्वाचं. मग भाषा कोणती निवडावी?

जावा, गो या कंपाइल होणाऱ्या भाषा. आकड्याच्या जागी अक्षरं आली, तर कंपाइलर प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवतो. पायथन, जावास्क्रिप्ट या स्क्रिप्टिंग भाषांत काम झटपट होतं. पण अशी चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत लपून राहू शकते.

आवृत्तीचाही प्रश्न असतो. पायथन ३ आली २००८ मध्ये. तिच्यात जुने कितीतरी प्रोग्रॅम जसेच्या तसे चालेनात. तरी पायथन २चा अधिकृत आधार थांबायला १ जानेवारी २०२० उजाडलं. गो भाषेनं मात्र २०१२ मध्येच जुना कोड पुढेही चालेल, अशी हमी दिली.

आता या दोन प्रकारच्या भाषांमधली दरी कमी होते आहे. २०१२ मध्ये जावास्क्रिप्टला अशा चुका आधीच पकडण्याची जोड देणारी टाइपस्क्रिप्ट आली, २०१५ मध्ये पायथनला कुठे आकडा, कुठे अक्षरं हे सांगणाऱ्या टाइप-सूचना मिळाल्या.

तेव्हा छोट्या, तात्पुरत्या कामाला स्क्रिप्ट घ्या. अनेकांच्या हातून वर्षानुवर्षं जाणाऱ्या कामाला कंपाइलरचा पहारा ठेवा. आणि भाषा कोणतीही असो, चाचण्या लिहाच.