कडेची नजर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "आरोग्याविषयी पंधरा मिनिटे काहीतरी बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही डॉक्टर नव्हे. जन्मभर मुलांना गणित शिकवले आणि घर सांभाळले, एवढीच माझी पुंजी. पण मग मनात आले, की एक गोष्ट आमच्या घराला फार महाग पडून कळली आहे. ती तुम्हांला फुकट सांगता आली तर का सांगू नये? म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. साठी उलटल्यावर अक्काच्या वागण्यात एक वेंधळेपणा शिरला. उंबऱ्याला ठेच लागे. जिना उतरताना शेवटची पायरी चुके. खाली मांडलेल्या ताटाला पाय लागे. बाजूने धावत आलेले पोर एकदम जमिनीतून उगवल्यासारखे तिच्या पुढ्यात येई आणि ती दचके. रस्त्यात शेजारून कोणी ओळखीचे गेले तरी तिचे लक्ष नसे, म्हणून "अक्काला हल्ली शिष्टपणा आला आहे" असेही दोघीतिघींनी मला ऐकवले. आमच्याकडच्या एका मंगळागौरीला तिच्या पायाने समई कलंडली, तेल सांडले. मी चार बायकांदेखत म्हणाले, "अगं अक्का, डोळे कुठं असतात तुझे?" ती बिचारी ओशाळली आणि "वय झालं गं" एवढेच म्हणाली.

डोळ्यांचा संशय आम्हां कोणालाच आला नाही. येणार कसा? हीच अक्का चष्मा लावून सुईत पहिल्या झटक्याला दोरा ओवी. पंचांगातली बारीक अक्षरे धडाधडा वाची. तांदळातला खडा तिच्या हातून सुटत नसे. अशा बाईची नजर अधू आहे असे कोण म्हणेल?

पुढे चष्म्याचा नंबर बदलायचे निमित्त झाले. नेत्रवैद्यांनी बाहुलीत थेंब घालून डोळ्याच्या मागची बाजू पाहिली, आणखी दोन तपासण्या केल्या आणि सांगितले, "दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. खालची आणि कडेची बरीच नजर गेलेली आहे. गेलेली परत येणार नाही; राहिलेली राखू." मग त्यांनी विचारले, "भावंडे किती?" त्या एका प्रश्नामुळे आज मी तुमच्यापुढे आहे. मी तपासून घेतले. मला कसलीही तक्रार नव्हती, आणि तरी माझ्या उजव्या डोळ्यात त्याच रोगाची सुरुवात निघाली.

आता हे कसे होते ते आपल्या घरगुती भाषेत सांगते. आपल्या डोळ्यात पुढच्या बाजूला एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते आणि तितकेच बाहेर वाहून जात असते. याचा अश्रूंशी संबंध नाही. हे आतले पाणी. न्हाणीघरात नळ चालू आहे आणि मोरीही मोकळी आहे, असे समजा. मोरी तुंबू लागली की पाणी साचते. तसा डोळ्यातला दाब वाढतो. डोळ्याच्या मागे दहाबारा लाख बारीक तंतूंची एक जुडी असते. ती आपल्याला दिसलेले मेंदूपर्यंत पोचवते. दाबामुळे या जुडीतले तंतू हळूहळू मरू लागतात, आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजही कोणाजवळ नाही. हा दाब साधारणपणे १० ते २१ पाऱ्याच्या मिलिमीटरपर्यंत असतो. मात्र काहींची जुडी इतकी नाजूक असते, की दाब या मर्यादेत असूनही तंतू मरतात. म्हणून नुसता दाब मोजून "सगळे ठीक" म्हणता येत नाही. जुडीही पाहावी लागते.

बहुधा प्रथम नजर जाते ती मधली सोडून भोवतालची. वाचणे, शिवणे, निवडणे ही सगळी कामे मधल्या नजरेची, त्यामुळे ती शेवटपर्यंत चालू राहतात. चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता वाचवून घेतात, तोही मधल्याच नजरेचा. तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली म्हणून काचबिंदू नाही असे ठरत नाही. शिवाय दोन डोळे समजूतदार जावांसारखे असतात. एकीचे काम राहिले तर दुसरी न बोलता उरकून टाकते, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

पण एवढी नजर गेली तर काळोख दिसायला नको का? मलाही हाच प्रश्न पडला होता. त्यासाठी घरी गेल्यावर एक गंमत करून पाहा. पांढऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतराने, एका ओळीत दोन टिकल्या चिकटवा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने डावीकडच्या टिकलीकडेच टक लावून पाहा आणि कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. सुमारे फूटभर अंतरावर उजवीकडची टिकली नाहीशी होईल. आणखी जवळ आणली की पुन्हा दिसेल. तंतूंची ती जुडी डोळ्यातून जिथून बाहेर पडते, तिथे प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळी जागा असते. सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच संशोधकाने ती दाखवून दिली. टिकली गेली त्या जागी काळे भोक दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो, हे मात्र नीट पाहा. रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो. काचबिंदूतही तेच होते. चित्रांतून काळा बोगदा काढून दाखवतात. पण बहुतेक रोग्यांना काळे असे काही दिसत नाही. काही पुसट होते, काही सरळ नसतेच. अक्काच्या डोळ्यांना तिथे समई नव्हती, रिकामी जमीन होती. ती बघून चालत नव्हती असे नाही, भगिनींनो. ती बघूनच चालत होती.

घरच्या घरी एक ढोबळ पारख करता येते. दोघींनी दोन-अडीच फुटांवर समोरासमोर, डोळ्यांची उंची सारखी येईल असे बसावे. समोरचीने उजवा डोळा झाकला तर आपण डावा झाकावा, म्हणजे दोघींचे उघडे डोळे समोरासमोर येतात. तिने आपल्या उघड्या डोळ्याकडेच पाहत राहायचे. आपण दोघींच्या बरोबर मध्यावर हात धरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एक, दोन किंवा पाच बोटे दाखवायची आणि तिने नजर न हलवता किती ते सांगायचे. आपल्याला दिसते आणि तिला दिसत नाही असे एखाद्या बाजूला आढळले, तर वैद्याकडे जायलाच हवे. मग डोळा बदलावा. पण ही पारख मोठी उणीवच पकडते. बारीक सुरुवात तिच्यातून सुटते. "घरी पाहिले, ठीक आहे" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

खरी तपासणी यंत्रावर होते. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या भांड्यात हनुवटी टेकून बसवतात. मध्ये एक ठिपका असतो, त्याच्याकडे पाहत राहायचे आणि कडेला कुठे दिवा चमकला की हातातले बटण दाबायचे. मी पहिल्या दिवशी रडवेली झाले. कितीतरी वेळ दिवाच दिसेना आणि नापास झाल्यासारखे वाटले. मग तिथल्या मुलीने सांगितले, "आजी, हे दिवे मुद्दाम इतके मंद करत नेतात, की चांगल्या डोळ्यालाही त्यातले सुमारे निम्मे दिसू नयेत." हे आधी माहीत असते तर बरे झाले असते, म्हणून तुम्हांला सांगून ठेवते.

एक घोटाळा येथेच मिटवू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही भावंडे नव्हेत. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की बहुधा नजर परत येते. "पिकू द्या, मग पाहू" हे जुने वळण आता मोतीबिंदूलाही लागू राहिलेले नाही, आणि काचबिंदूत तर थांबलेला प्रत्येक महिना नजरेतून वजा होतो.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, डोके दुखते, उलट्या होतात. आपण त्याला पित्त किंवा अर्धशिशी म्हणून आल्याचा रस घेऊन पडून राहतो. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले पाहिजे. एकाएकी डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे झाले, विजा चमकल्या, काळ्या माशा वाढल्या किंवा अर्ध्या बाजूचे दिसेनासे झाले, तर तो काचबिंदू नसेलही. पडदा निसटलेला असेल किंवा मेंदूचा विकार असेल. पण घाई तितकीच हवी.

कोणी विशेष जपावे? चाळिशी उलटलेल्यांनी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल त्यांनी. लांबचे न दिसण्याचा मोठा नंबर असणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी. आणि डोळे चुरचुरले की दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने महिनोन्महिने घालणाऱ्यांनी. भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक या रोगाचे असावेत, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतात घरोघर जाऊन जी पाहणी झाली, तीत रोग निघालेल्या दहांपैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नव्हते.

उपाय आहेत. बहुतेकांना थेंब पुरतात. काहींना लेसर किंवा शस्त्रक्रिया लागते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन निराळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असेल तर आधी सांगावे, कारण काही थेंब दमेकऱ्याला चालत नाहीत. पुष्कळ जणी दोन महिन्यांनी "काही फरक वाटत नाही" म्हणून बाटली बाजूला ठेवतात. अहो, फरक न वाटणे हाच त्या औषधाचा गुण! आहे ते आहे तसे राहणे, एवढेच त्याच्याकडून मागायचे असते. माझी बाटली देवघराच्या फडताळात आहे. संध्याकाळी दिवा लावला की थेंब, म्हणजे विसर पडत नाही.

शेवटी एक विनंती. येत्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने एवढेच सांगावे, की आपले डोळे मागच्या जुडीपर्यंत तपासून झाले की नाहीत. झाले नसतील त्यांना आपण जोडीजोडीने घेऊन जाऊ. थेंब घातल्यावर काही तास पुसट दिसते, तेव्हा सोबत हवीच. आणि आपल्या घरात कोणी अलीकडे धडपडू लागले असेल, सांडू लागले असेल, तर आवाज चढवण्याआधी एकदा समोर बसून बोटे दाखवा.

अक्काच्या घरच्या पायऱ्यांना आम्ही आता पांढरे पट्टे ओढले आहेत. समई चौरंगावर आली. तिची राहिलेली नजर टिकून आहे. मंगळागौरीचे ते बोलणे मी पुढे एकदा तिच्यापाशी काढले, तर ती म्हणाली, "जाऊ दे गं, तुलाही दिसलं नव्हतंच की." मग सुईत दोरा ओवून तिने माझ्या हातात दिला.