राणेसाहेबांची केटी

शनिवारची सकाळ आहे. कुणी पोह्यांना फोडणी देत असेल, कुणी मुलांना क्लासला सोडायला गाडीत असेल. थोडा वेळ द्या. आज मला एका सैनिकाबद्दल बोलायचं आहे, आणि जाता जाता माझ्या एका चुकीबद्दलही.

मी आयटीमध्ये सल्लागार आहे. आमच्या धंद्यात कुणी नोकरी सोडून निघालं की शेवटचे पंधरा दिवस त्याच्यामागे एक माणूस लावतात. त्याला आम्ही केटी म्हणतो, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. त्याच्या डोक्यात जे काही आहे ते कागदावर उतरवून घ्यायचं, आणि मगच निरोपाचा केक कापायचा. वीस-बावीस वर्षांत मी अशा कितीतरी केटी घेतल्या. एमबीएला तर यावर एक अख्खा विषय होता.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही अबू धाबीला वाहत अल करामा बघायला गेलो. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असाल. शेख झायेद मशिदीच्या समोर, एकमेकांच्या आधारानं तोललेले ते ३१ प्रचंड फलक. आतल्या दालनात या देशाच्या शहिदांची नावं आहेत. ३० नोव्हेंबरला इथे स्मरणदिन पाळतात, त्याच्या आधीचा तो शनिवार-रविवार होता. माझी लेक सातवीत आहे. तिनं सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "बाबा, आपल्याकडचे कोण?"

मी म्हटलं, तानाजी, बाजीप्रभू.

"तसे नाही. आत्ताचे. मेडल मिळालेले, मग घरी येऊन म्हातारे झालेले."

मला एकही नाव सांगता आलं नाही.

रात्री शारजाला परतलो. आमच्या इमारतीच्या लॉबीत जे सिक्युरिटीवाले काका बसतात, त्यांच्याकडे ही सरळ गेली. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही मिलिटरीत होतात ना?" मंडळी, सहा वर्षं मी त्या माणसाकडून पार्सलं घेतोय. ते साताऱ्याकडचे, एवढंच मला ठाऊक होतं. चोवीस वर्षं फौजेत काढून ते इथे आले, हे शाळेच्या बसची वाट बघता बघता माझ्या मुलीनं विचारून घेतलं होतं.

काका म्हणाले, "मी सॅपर होतो, बाळा. खडकीला भरती झालो. आमच्यात कुणालाही विचार, पहिलं नाव राणेसाहेबांचं. रामा राघोबा राणे."

त्या रात्री मी वाचत बसलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. कारवार म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, घरात कोकणी, दुकानात कानडी, आणि मराठी सगळ्यांनाच कळते. वडील पोलिसात शिपाई होते. त्यांच्या सारख्या बदल्या होत, त्यामुळे मुलाचं शिक्षण धड एका ठिकाणी झालं नाही. १९३० मध्ये गांधीजींची चळवळ पेटली तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा तिच्याकडे ओढला गेला. वडील सरकारी नोकरीत, त्यांनी घाबरून कुटुंब गावी हलवलं.

१० जुलै १९४० ला ते खडकीला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि त्या तुकडीत सर्वोत्तम रंगरूट ठरले. तिथून ब्रह्मदेश. तिथल्या माघारीत बुथिडाँगला मागे राहून दारूगोळा-सामान नष्ट करायचं काम त्यांच्या टोळीकडे आलं. पुढे न्यायला बोट येणार होती, ती आलीच नाही. मग जपानी गस्त असलेली नदी ओलांडून ही मंडळी आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. राण्यांना तिथेच हवालदार केलं.

आता १९४८. राजौरी गाव शत्रूच्या ताब्यात होतं. नौशेरापासून राजौरीला जाणारा डोंगरी रस्ता, आणि त्या रस्त्यावर पेरलेले सुरुंग, आडवी टाकलेली पाइनची झाडं, उडवलेल्या मोऱ्या. पायदळ डोंगर चढू शकतं, रणगाड्याला मात्र रस्ताच लागतो. रणगाडे पोचले नाहीत तर राजौरी सुटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा प्रकल्प एकाच कामावर अडला होता, आणि ते काम सेकंड लेफ्टनंट राण्यांकडे आलं. अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिलला नौशेराच्या उत्तरेला ११ किलोमीटरवर बरवाली कड्याजवळ सुरुंग काढायला सुरुवात होते, तोच तोफगोळे पडू लागले. त्यांचे दोन माणूस ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत स्वतः राणे होते. जखम बांधली आणि रात्री दहापर्यंत काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. १० तारखेला पावणेपाचला. समोरून मशीनगन चालू, आणि पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांमागून अडथळे. साडेदहापर्यंत तो पट्टा मोकळा झाला. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले. तरी राणे थांबले नाहीत, कारण मागून रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना तर पक्का रस्ताच हवा होता. रात्री नऊपर्यंत विश्रांती नाही, अन्न नाही. ११ एप्रिलला पुन्हा सकाळी सहा ते रात्री दहा. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

या चार दिवसांतली एक गोष्ट सॅपर मंडळी अजून सांगतात. गोळ्यांपासून आडोसा मिळावा म्हणून राणे चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली रांगत पुढे जात. हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक रणगाडा चालवणाऱ्याकडे. सुरुंग दिसला की दोरी ओढायची, रणगाडा थांबायचा. सुरुंग निघाला की पुन्हा ओढायची, रणगाडा हलायचा.

माझ्या लेकीनं विचारलं, "त्यांनी किती शत्रू मारले?" मानपत्रात तो आकडाच नाही. त्यात फक्त वेळा आहेत. इतक्या वाजता काम सुरू केलं, इतक्या वाजता रस्ता मोकळा झाला. शौर्याचा असा हिशेब मी पहिल्यांदाच वाचला.

१९४७-४८ च्या त्या युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र मिळालं. तिघांना मरणोत्तर. हयात दोघांपैकी एक आपले राणे. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं त्या युरोपातल्या, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून आपल्या झालेल्या. आपण परदेशात राहून मराठीपण टिकवायची धडपड करतो, त्यांनी उलटा प्रवास केला होता.

आजवर एकवीस जणांना परमवीरचक्र मिळालं, त्यातले चौदा मरणोत्तर. म्हणजे हे पदक घेऊन म्हातारं होणं बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. राण्यांच्या वाट्याला आलं. ते चार दिवस झाले तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत होतं. पुढे ते मेजर झाले, अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून १९६८ मध्ये निवृत्त झाले, संसार केला. त्या एप्रिलनंतर ते शेहेचाळीस वर्षं जगले.

११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते गेले. वय ७६.

ती तारीख वाचली आणि मी लॅपटॉप मिटला. १९९४ च्या जुलैत मी अकरावीत होतो, पुण्यातच, वानवडीला राहायचो. कमांड हॉस्पिटलच्या भिंतीकडेनं सायकलवरून रोज क्लासला जायचो. त्या जुलैत त्या भिंतीपलीकडे रामा राघोबा राणे शेवटचं आजारपण काढत होते आणि मी पावसाला शिव्या देत पॅडल मारत होतो. मला कुणी सांगितलं नाही हे खरं, पण मीही कधी कुणाला विचारलं नाही.

नंतर नाव मोठं झालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, चपळ युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, २००६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, ते गेल्यावर बारा वर्षांनी. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं. एक मान मात्र त्यांच्या हयातीतच झाला होता. शिपिंग कॉर्पोरेशननं १९८४ मध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. परमवीरांच्या नावाची अशी पंधरा जहाजं होती. आखातात राहणाऱ्या आपल्याला तेलाचं जहाज म्हणजे काय हे सांगायला नको. पंचवीस वर्षं चालून तेही सेवेतून गेलं.

पुतळा, बेट, जहाज, सगळं चांगलंच आहे. पण चेंडियाच्या त्या मुलाला वडिलांनी गावी आणलं तेव्हा काय वाटलं असेल, रणगाड्याखालून काय दिसायचं, शेजारी पडलेल्या दोघांची नावं म्हातारपणी झोपेत आठवायची का, हे बेट सांगत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं, आणि त्याला एक मुदत असते.

म्हणून मी दुसऱ्या आठवड्यात चहाचे दोन ग्लास घेऊन लॉबीत गेलो. काका संकोचले. "साहेब, माझं काय ऐकता? मला काही चक्र-बिक्र नाही." मी म्हटलं, काका, साहेब म्हणू नका, बसा.

२००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी ते राजस्थानच्या सीमेवर होते. सैन्य समोरासमोर उभं राहिलं, शेकडो किलोमीटर सुरुंग पेरले गेले, युद्ध झालंच नाही. मग पेरलेलं सगळं परत काढायचं काम सॅपरांवर आलं. "सुरुंग वरून दाबला की फुटतो," काका सांगत होते, "म्हणून सळई उभी खुपसायची नाही. तिरकी घालायची, म्हणजे ती कडेला लागते. हाताला कळतं, दगड आहे का लोखंड." मग काचेबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडं नकाशा होता की. कुठं पेरलंय ते सगळं लिहिलेलं. पण वाळू एका जागी राहत नाही. नकाशात एक जागा, अन् सुरुंग भलतीकडंच." त्यांच्या एका जोडीदाराचा पाय तिथेच गेला. तो आता गावी किराणा दुकान चालवतो. दर दिवाळीला काका त्याला फोन करतात.

युद्ध झालं नाही म्हणून ज्याची बातमी झाली नाही, त्यात एका माणसाचा पाय गेला होता.

काकांचा करार जूनमध्ये संपतोय. ते गावी जाणार आहेत, मुलीचं लग्न काढलंय. तोवर दर शनिवारी त्यांची ड्यूटी सुटल्यावर अर्धा तास आम्ही बसतो. प्रश्न माझी लेक विचारते, फोनवर रेकॉर्डिंग मी करतो. माझ्या आयुष्यातली ही पहिली केटी, जिच्यात मी स्लाइड बनवलेली नाही.

श्रोतेहो, तुमच्याही घरात, गावात, गल्लीत असा कुणीतरी असेल. मामा असतील, चुलत आजोबा असतील, पेन्शनच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जाणारे शेजारचे सुभेदार असतील. इथे आपल्या इमारतीच्या दारातही असतील. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढेच लोक 'मिलिटरी' लावतात. असे लोक आपल्याकडे कमी नाहीत. या आठवड्यात एकाला फोन करा. "तब्येत कशी?" एवढ्यावर थांबू नका. "भरती झालात तो दिवस सांगा" असं म्हणा. तिथून ते आपोआप बोलू लागतात. मुलांना शेजारी बसवा, त्यांना आपल्यापेक्षा बरे प्रश्न सुचतात.

आमची आजची बैठक साडेअकराला आहे. लेकीनं प्रश्न काढून ठेवलेत, पहिला आहे, "काका, खडकीत पहिल्या दिवशी रडलात का?" उत्तर काय येतं बघू.

येतो. नमस्कार.