माळ्यावरची गॅसबत्ती

भगिनींनो, आपल्या दीपनगरात वीज तयार होते, म्हणून वरातीत मिरवलेली जुनी गॅसबत्ती मोडीत घालू नका. आपण सरसकट सगळ्याच बत्त्यांना पेट्रोमॅक्स म्हणतो. खरी पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्याची, १९१० च्या सुमारास निघालेली. छाप प्रायमसचा असेल, तर मूळ घराणे स्वीडनचे. पितळी टाकी चिंचेच्या कोळाने हलकेच उजळा. खरवडू मात्र नका. नाव पुसले की कूळ गेलेच! पंप हवा धरीत नसेल तर बहुधा चामड्याचा वायसर वाळलेला असतो. त्याला तेलात भिजू द्यावे. जुन्या मँटलमध्ये किंचित किरणोत्सर्गी थोरियम असे, तेव्हा त्याची राख फुंकू नये. टाकीला चीर दिसली तर बत्ती पेटवू नका, नुसती दिवाणखान्यात ठेवा.